जॅकी जॉयनर-कर्सीने बास्केटबॉल आधीच सोडायला हवे होते का?

अनुराधा_के (धागाकर्ती)

सोल ऑलिंपिकमधला ७२९१ गुणांचा हेप्टॅथलॉन (सात प्रकारांची एकत्रित स्पर्धा) विक्रम १९८८ पासून अबाधित आहे आणि जॅकी जॉयनर-कर्सी म्हटले की आपल्याला आधी तोच आकडा आठवतो. तिच्याविषयीच्या बहुतेक लेखांत मात्र कॉलेजची वर्षे एका वाक्यात उरकलेली असतात: "विद्यापीठात असताना ती बास्केटबॉलही खेळायची." या वाक्यातला 'ही' मला फार खटकतो. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात १९८० साली ती दाखल झाली तीच मुळी बास्केटबॉलच्या शिष्यवृत्तीवर. पहिले तीन हंगाम ती संघात फॉरवर्ड (आघाडीची खेळाडू) म्हणून सुरुवातीपासून खेळत होती. १९८३-८४ चा हंगाम तिने ऑलिंपिकच्या तयारीसाठी बाजूला ठेवला आणि १९८४-८५ मध्ये पुन्हा मैदानात उतरून कारकिर्दीत एकूण ११६७ गुण नोंदवले. त्याच काळात, १९८२ आणि १९८३ या लागोपाठच्या वर्षी, तिने एनसीएएचे, म्हणजे अमेरिकेतील कॉलेज क्रीडा संघटनेचे, हेप्टॅथलॉन विजेतेपद मिळवले. १९८५ चा ब्रॉडरिक कप, म्हणजे अमेरिकेतील सर्वोत्कृष्ट महिला कॉलेज खेळाडूचा मान, तिला मिळाला तो या दोन्ही खेळांतल्या कामगिरीच्या बळावर.

माझा प्रश्न असा आहे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तिचे सुवर्णपदक अवघ्या ५ गुणांनी हुकले. हेप्टॅथलॉनमध्ये सात प्रकार असतात आणि त्यातल्या प्रत्येकाचे तंत्र वेगळे. ज्या हिवाळ्यांत तिच्या प्रतिस्पर्धी भालाफेकीचा आणि गोळाफेकीचा सराव करत होत्या, त्या हिवाळ्यांत ती बास्केटबॉलच्या कोर्टवर होती. तिने हा खेळ दोन-तीन वर्षे आधी सोडला असता, तर ते ५ गुण मिळाले असते का? की ती जी घडली, ती त्या खेळामुळेच घडली? माझे मत पूर्वी पहिल्या बाजूला होते. आता ते डळमळले आहे, म्हणून हा धागा.

आकडेमोड

धागा आवडला, पण प्रश्नातच एक अडचण आहे. ज्या वर्षी ५ गुणांनी सुवर्ण हुकले, त्या वर्षी ती बास्केटबॉल खेळतच नव्हती. ते आपण स्वतःच वर लिहिले आहे. उलट १९८४-८५ चा पूर्ण हंगाम खेळल्यावर पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, मॉस्कोच्या गुडविल गेम्समध्ये तिने ७१४८ गुण मिळवले आणि ७००० चा टप्पा ओलांडणारी ती जगातली पहिली महिला ठरली. त्यानंतर महिन्याच्या आत ह्यूस्टनला ७१५८ केले. एका रौप्यपदकाचा दोष बास्केटबॉलवर टाकायचा असेल, तर या दोन विक्रमांचे श्रेयही त्याला द्यावे लागेल.

अनुराधा_के

मान्य, ही विसंगती माझ्या लक्षात यायला हवी होती. तरीही एका वर्षाची विश्रांती आणि चार वर्षांची सलग तयारी यांत फरक असतो, एवढे म्हणते.

तिसरा_प्रयत्न

१९८४ च्या त्या ५ गुणांची गोष्ट नेहमी ८०० मीटरपासून सांगितली जाते. माझ्या मते ती त्याआधी, लांब उडीच्या खड्ड्यात घडली. हेप्टॅथलॉनमध्ये लांब उडीचे फक्त तीन प्रयत्न मिळतात. लांब उडी हा जॅकीचा हुकमी प्रकार होता आणि तिचे पहिले दोन्ही प्रयत्न फाउल गेले, म्हणजे पाय फळीच्या पुढे पडला. तिसराही फाउल गेला असता तर त्या प्रकारात शून्य गुण मिळाले असते आणि दोन दिवसांची मेहनत तिथेच संपली असती. अशा वेळी खेळाडू काय करतो ते ज्याने एकदा तरी धावपट्टीवर उभे राहून अनुभवले आहे, त्याला सांगावे लागत नाही. फळी दिसू लागली की पावले आपोआप आखडतात, शेवटच्या दोन टांगा लहान पडतात आणि उडी फळीच्या बरीच अलीकडून सुटते. तिची उडी ६.११ मीटर भरली. ऑस्ट्रेलियाच्या ग्लिनिस ननने ६.६६ मारली होती. त्यात जॅकीच्या डाव्या मांडीचा हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, आधीपासून दुखावलेला होता.

मग ८०० मीटर. ननच्या मागे २.१३ सेकंदांपर्यंत राहिली तरी सुवर्ण जॅकीचे होते. नन २:१०.५७ मध्ये आली, जॅकी २:१३.०३ मध्ये. एक तृतीयांश सेकंद उशीर झाला. तिचा भाऊ अल जॉयनर त्याच संध्याकाळी, त्याच मैदानात तिहेरी उडी खेळत होता. शेवटच्या वळणावर तो मैदानाच्या आतल्या बाजूने तिच्या शेजारून धावत तिला हात जोरात चालवायला सांगत होता. ते चित्रण मी अनेकदा पाहिले आहे आणि दर वेळी माझी नजर घड्याळावर न जाता त्याच्यावर खिळते. तिहेरी उडीचे सुवर्ण त्याने मिळवले. त्या प्रकारात अमेरिकेला १९०४ नंतर प्रथमच. शर्यतीनंतर ती रडत होती आणि तो समजूत काढत होता, तेव्हा आपण हरल्यामुळे नव्हे, तर तो जिंकल्याच्या आनंदाने रडतो आहोत, असे तिने त्याला सांगितले.

ननचे ६३९० आणि जॅकीचे ६३८५. या ५ गुणांत बास्केटबॉल कुठेही नाही. दोन फाउल आहेत आणि एक दुखावलेला स्नायू आहे.

क्रीडाशिक्षक_३५

पस्तीस वर्षे मुलामुलींना उड्या शिकवल्या असल्याने तंत्राच्या बाजूने लिहितो. 'दोन खेळ' म्हटले की आपण वेळेची वजाबाकी करतो: इतके तास इकडे गेले, म्हणजे तितके तिकडे कमी पडले. शरीराचा हिशेब तसा चालत नाही. बास्केटबॉलमधील ले-अप म्हणजे धावत येऊन एका पायावर घेतलेली उडी. त्यात शेवटून दुसरे पाऊल किंचित लांब, शेवटचे आखूड, कंबर थोडी खाली आणि मग आडव्या वेगाचे उभ्या उडीत रूपांतर होते. लांब आणि उंच उडीसाठी नेमका हाच क्रम मी मुलांकडून शेकडो वेळा करून घेत असे. रिबाउंडसाठी, म्हणजे बास्केटवरून परतलेला चेंडू पकडण्यासाठी, एकामागून एक उड्या माराव्या लागतात आणि पाय जमिनीला टेकताच पुन्हा उसळावे लागते, तेव्हा घोट्यांना आणि पोटऱ्यांना जी सवय लागते तीच पुढे अडथळ्यांच्या शर्यतीत उपयोगी पडते. शिवाय कोर्टवर समोर प्रतिस्पर्धी असल्यामुळे प्रत्येक उडी वेगळ्या कोनातून आणि वेगळ्या गतीने घ्यावी लागते. धावपट्टीवरच्या सरावातून हे वैविध्य कधीच मिळत नाही.

सोलमधील तिची कामगिरी या दृष्टीने पाहा. १०० मीटर अडथळे १२.६९ सेकंद, उंच उडी १.८६ मीटर, गोळाफेक १५.८०, २०० मीटर २२.५६ सेकंद, लांब उडी ७.२७, भालाफेक ४५.६६, ८०० मीटर २:०८.५१. ज्या प्रकारांत उसळी आणि वेग लागतो तिथे ती जगाच्या फार पुढे आहे. भालाफेकीत, म्हणजे ज्या कौशल्याचा कोर्टशी संबंध नाही तिथे, ती चांगली आहे, पण थक्क करणारी नाही. एवढ्यावरून निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल, पण मला ही मांडणी योगायोगाची वाटत नाही.

वाटसरू

गुरुजी, ले-अप आणि लांब उडीच्या शेवटच्या दोन पावलांचा हा संबंध मी इतकी वर्षे खेळ पाहूनही ओळखला नव्हता. मनापासून धन्यवाद.

खोखोवाली

क्रीडाशिक्षकांचा प्रतिसाद वाचून राहवले नाही. शाळेत असताना मी खो-खो आणि लांब उडी दोन्ही खेळत असे. नववीत आमच्या शिक्षकांनी मला बोलावून सांगितले की दोन दगडांवर पाय ठेवणारा पाण्यात पडतो, तेव्हा एक काय ते ठरव. मी लांब उडी ठेवली. पुढच्या वर्षभरात माझी उडी वाढली नाही, उलट कमी झाली. खांबाला वळसा घालताना आणि सूर मारताना पायांत जी चपळाई येत होती तीच गेली होती, हे मला फार उशिरा उमगले. त्या शिक्षकांनी वाईट हेतूने काही केले नाही. त्या वेळी सगळेच असे सांगत. पण त्या 'एक काय ते ठरव'ची हळहळ अजून आहे. जॅकीला वयाच्या अठराव्या वर्षी असे कोणी ठामपणे सांगितले असते तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनात येतोच.

सांजवारा

खोखोवाली, आपला अनुभव मनाला भिडला. तरीही इथे थोडा विरोधी सूर लावतो, कारण धागा एकाच बाजूला झुकतो आहे. जॅकी जगातल्या कोट्यवधींमधली एक आहे. तिला जे साधले त्यावरून दोन खेळ खेळणे हितकारक आहे असा नियम काढता येत नाही. दोन खेळ खेळून दोन्हींत मागे पडलेल्या मुलींवर कोणी धागे काढत नाही, म्हणून त्या आपल्याला दिसत नाहीत.

उलट बाजूचे उदाहरण अमेरिकेची धावपटू मॅरियन जोन्सचे आहे. तिच्या पुढच्या कारकिर्दीचे काय झाले, म्हणजे २००७ मधली उत्तेजकांची कबुली आणि सिडनीची परत केलेली पाच पदके, तो वेगळा विषय आहे. मी फक्त कॉलेजच्या वर्षांबद्दल बोलतो आहे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या संघाने १९९४ मध्ये एनसीएए बास्केटबॉल विजेतेपद मिळवले तेव्हा पहिल्या वर्षात शिकणारी मॅरियन त्या संघाची पॉइंट गार्ड (खेळाची सूत्रे हाताळणारी खेळाडू) होती आणि धावण्यातही ती देशातल्या अव्वल मुलींमध्ये गणली जात होती. १९९५ मध्ये बास्केटबॉलच्या सरावात तिच्या पायाचे हाड मोडले, त्यातून सावरताना ते पुन्हा दुखावले आणि अटलांटा ऑलिंपिकची संधी गेली. दुसरा खेळ आपल्याबरोबर दुसऱ्या दुखापतीची शक्यता घेऊन येतो. जॅकी त्यातून वाचली, हे तिचे भाग्यही होते.

क्रीडाशिक्षक_३५

सांजवारा यांचा मुद्दा रास्त आहे आणि मी तो नाकारत नाही. फक्त एक जोडतो. जॅकीच्या ज्या दुखापती कारकिर्दीच्या मोक्याच्या क्षणी आड आल्या, म्हणजे १९८३ ची हेलसिंकीतली, १९८४ ची आणि १९९६ ची, त्या हॅमस्ट्रिंगच्या होत्या आणि धावण्या-उड्यांच्या स्पर्धेतल्या होत्या. एकच खेळ खेळल्याने शरीर सुरक्षित राहते असेही नाही. तेच स्नायू, त्याच दिशेने, वर्षभर ताणले जातात.

प्रवासिनी

मला वाटते आपण सगळे प्रश्नाच्या चुकीच्या टोकाला धरून बसलो आहोत. 'बास्केटबॉल आधी का सोडले नाही' असे विचारण्यापूर्वी 'बास्केटबॉल शेवटी का सोडावे लागले' हे विचारायला हवे.

जॅकी १९६२ ची, इलिनॉय राज्यातल्या ईस्ट सेंट लुईसची. हे गाव गरिबीसाठी आणि गुन्हेगारीसाठी ओळखले जाई. घराजवळच्या सार्वजनिक केंद्रात तिला खेळ भेटले. लांब उडीसाठी खड्डा नव्हता, तेव्हा तिने आणि बहिणींनी बागेतली वाळू बटाट्याच्या चिप्सच्या रिकाम्या पिशव्यांतून घरी आणली, अंगणात पसरली आणि घराच्या ओट्यावरून ती त्या वाळूत उड्या मारू लागली. ती १० वर्षांची असताना, १९७२ मध्ये, टायटल नाइन हा कायदा आला. सरकारी मदत घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, एवढेच त्यात म्हटले होते. खेळाचा उल्लेखही मूळ कलमात नव्हता. पण त्याच्या आधारे विद्यापीठांना मुलींचे संघ उभारावे लागले आणि मुलींना खेळाच्या शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. ती १९८० मध्ये यूसीएलएत पोचली तेव्हा महिलांच्या कॉलेज स्पर्धा एनसीएएकडे नव्हत्या, त्या एआयएडब्ल्यू ही वेगळी संघटना चालवत असे. महिलांची पहिली एनसीएए बास्केटबॉल स्पर्धा १९८२ ची. म्हणजे ज्या इमारतीत ती खेळत होती तिचे मजले तिच्या डोळ्यांदेखत चढत होते.

आणि १९८५ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडल्यावर काय? अमेरिकेत त्या वेळी महिलांची टिकाऊ व्यावसायिक बास्केटबॉल लीग अस्तित्वात नव्हती. डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगचे सामने सुरू झाले १९९७ मध्ये. मुलांच्या संघातल्या तिच्या तोडीच्या खेळाडूसमोर जी वाट उघडी असते, ती तिच्यासमोर नव्हतीच. तेव्हा तिने हेप्टॅथलॉन 'निवडले' असे आपण म्हणतो ते अर्धेच खरे आहे. तिच्यासाठी दोन दारांपैकी एकच उघडे होते आणि त्यातून ती किती पुढे गेली ते आपण जाणतो.

अनुराधा_के

प्रवासिनी, आपल्या या प्रतिसादाने माझा प्रश्न मुळापासून हलला. कारकिर्दीचा विचार मी पदकांच्या बाजूने करत होते. दाराच्या बाजूने केलाच नव्हता.

माणदेशी

थोडे अवांतर होईल, क्षमस्व. १९८४ चे लॉस एंजेलिस म्हटले की माझ्या पिढीला पी. टी. उषाच आठवते. ४०० मीटर अडथळा शर्यतीत ती ५५.४२ सेकंदांत आली, रुमानियाची क्रिस्तियाना कोजोकारू ५५.४१ मध्ये, आणि कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने गेले. जॅकीचे ५ गुण आणि उषाचा तो शतांश सेकंद एकाच मैदानावर, एकाच आठवड्यात घडले. रेडिओपाशी बसलेले आमचे घर त्या दिवशी किती वेळ गप्प होते ते आजही आठवते. आता मूळ विषयाकडे वळतो: जॅकीला सोल मिळाले याचा मला त्या आठवणीमुळेच विशेष आनंद वाटतो.

सांजवारा

हे अवांतर अजिबात नाही. दोघींच्या तयारीला लाभलेल्या सोयींतला फरक प्रवासिनींच्या प्रतिसादाशी जोडून वाचावा.

मेघना_दे

कॉलेजच्या वर्षांविषयी लिहिताना दोन गोष्टी सुटू नयेत असे वाटते. विद्यापीठातल्या पहिल्याच वर्षी, जानेवारी १९८१ मध्ये, तिची आई मेनिंजायटिसने गेली. अठरा वर्षांची मुलगी, घरापासून हजारो मैल दूर, आणि समोर हंगाम चालू. तिथेच सहायक प्रशिक्षक असलेले बॉब कर्सी यांनीही लहान वयात आई गमावली होती आणि त्या काळात त्यांनी तिला आधार दिला. तिच्यात केवळ लांब उडी मारणारी खेळाडू नाही, अनेक प्रकारांत जगाच्या पुढे जाऊ शकणारी खेळाडू आहे, हे त्यांनीच ओळखले आणि हेप्टॅथलॉनचा आग्रह धरला. १९८६ मध्ये त्यांचे लग्न झाले.

दुसरी गोष्ट दम्याची. व्यायामाने उफाळणारा दमा तिला आहे, हे निदान यूसीएलएतच झाले. ती ते बराच काळ मनातल्या मनात नाकारत राहिली आणि औषधेही नीट घेत नसे, हे तिने पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. मला स्वतःला दमा आहे. जिना चढून वर आल्यावर छातीत जी बारीक शिट्टी वाजते, ती वाजत असताना ८०० मीटरची शेवटची फेरी कशी धावत असतील, याची मी कल्पनाही करू शकत नाही. संघातल्या मुलींसोबत रोज कोर्टवर उतरण्याने त्या दोन-तीन वर्षांत तिला किती धीर मिळाला असेल, याचा हिशेब गुणतक्त्यात नसतो. अनुराधाताईंच्या प्रश्नाला माझे उत्तर यातच आहे: तिने तेव्हा बास्केटबॉल सोडायला नको होते.

आकडेमोड

मेघनाताईंचा प्रतिसाद वाचून काही वेळ थांबलो. आता माझ्या प्रांतातली एक गोष्ट सांगतो. जॅकीनंतर हेप्टॅथलॉनमधली सर्वोत्तम कामगिरी ७०३२ गुणांची आहे: कॅरोलिना क्लुफ्ट, २००७, आणि अमेरिकेची अ‍ॅना हॉल, २०२५. फरक २५९ गुणांचा, म्हणजे सातही प्रकारांत सरासरी ३७ गुण. एखाद्या एका प्रकारात चमकून हे अंतर भरून निघणार नाही. दरम्यान प्रशिक्षणशास्त्र, बूट, धावमार्ग, आहार सगळे सुधारले आणि लहानपणापासून फक्त याच प्रकारासाठी घडवलेल्या खेळाडू आल्या. तरीही वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत कॉलेजच्या संघात बास्केटबॉल खेळलेल्या मुलीचा आकडा त्यांच्या हाती लागलेला नाही. सांजवारांचे म्हणणे मान्य, एका उदाहरणावरून नियम होत नाही. पण बास्केटबॉलने तिचे नुकसान केले असे म्हणणाऱ्याला या २५९ गुणांचे उत्तर द्यावे लागेल.

सांजवारा

आकडेमोड, इथे मी हत्यार खाली ठेवतो. नियम नाही, पण नुकसानही नाही, एवढ्यावर आपले एकमत झाले असे धरू.

तिसरा_प्रयत्न

उशिरा पुन्हा येतो आहे, कारण मूळ प्रश्नाचे उत्तर तिने स्वतःच दिले आहे, असे आज लक्षात आले. अटलांटा, १९९६. हॅमस्ट्रिंगमुळे अडथळ्यांच्या शर्यतीनंतर तिला हेप्टॅथलॉन सोडावे लागले. काही दिवसांनी, मांडीला पट्टी बांधून, ती लांब उडीच्या अंतिम फेरीत उतरली. शेवटच्या प्रयत्नापर्यंत ती पदकाच्या बाहेर होती. शेवटची उडी ७.०० मीटर, आणि कांस्य. १९८४ मध्ये ज्या शेवटच्या प्रयत्नाने तिला अलीकडूनच उडायला लावले होते, त्याच शेवटच्या प्रयत्नावर बारा वर्षांनी ती दुखऱ्या पायाने पूर्ण वेगात धावत आली.

आणि त्यानंतर काही महिन्यांतच, त्या वर्षी सुरू झालेल्या अमेरिकन बास्केटबॉल लीगमध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तीन ऑलिंपिक सुवर्णपदके घरी असताना, ती रिचमंड रेज संघाकडून खेळायला उतरली. तिथे तिला फार वेळ खेळायला मिळाले नाही आणि गुणही थोडेच झाले. पण प्रवासिनींनी म्हटलेले दुसरे दार उघडल्याबरोबर ती आत गेली होती.

प्रवासिनी

हेच मला लिहायचे होते आणि आपण माझ्याहून चांगले लिहिले. एकच भर घालते: ती लीग १९९८ च्या डिसेंबरात बंद पडली. दार उघडले तेही अर्धेच.

अनुराधा_के

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मूळ प्रश्नावर माझे मत आता बदलले आहे आणि ते बदलण्यात आकडेमोड यांच्या पहिल्या प्रतिसादाइतकाच मेघनाताईंच्या प्रतिसादाचा वाटा आहे. माझ्या टिपणवहीत जॅकीच्या नावापुढे मी "हेप्टॅथलॉन, लांब उडी" असे लिहून ठेवले होते. काल रात्री तिथे आधी "फॉरवर्ड, यूसीएलए, ११६७ गुण" असे लिहिले आणि बाकीचे त्याच्या खाली घेतले.

क्रीडाशिक्षकांना एक विनंती आहे. ले-अपच्या शेवटच्या दोन पावलांविषयी आपण जे लिहिले आहे, ते मुलांना कोणत्या वयापासून आणि कसे शिकवावे, यावर स्वतंत्र धागा काढावा. खोखोवाली, तिथे आपणही याल ना?

खोखोवाली

नक्की येईन. माझी मुलगी यंदा नववीत गेली आहे आणि तिचे दोन्ही खेळ चालू आहेत.